रावसारांची शेवटची ट्रिप

आमच्या ऑफिसात फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फायली निदान वर्षाअखेरी अडगळीत जातात. किस्से मात्र कॉफीच्या वेळी कुणी ना कुणी वर काढतंच. त्यातले निम्मे रावसारांचे!

रावसार म्हणजे आमचे हेडक्लार्क किट्टूराव, तंजावूरच्या आम्हा मराठी घरांतलेच. ऑफिसची वार्षिक ट्रिप कायम त्यांच्या हाती. नियम दोनच: साधी बस नेईल तिथंच जायचं, आणि घरचा चिंचभात केळीच्या पानात बांधून न्यायचा.

त्या वर्षी ते रिटायर होणार होते. नेमके तेव्हाच मद्रासहून नवे मॅनेजर आले. गावात केबल टीव्ही आणि सिनेमा दाखवणाऱ्या व्हिडिओ कोच बस यांचं नवं खूळ होतं. मॅनेजर म्हणाले, "ट्रिप कोडाईकनालला न्या, व्हिडिओ कोचनं! तंजावुरात बघायला आहे काय?"

रावसारांची शेवटची ट्रिप हातची जाणार! मला असा राग आला म्हणता! पण ते शांतपणे म्हणाले, "सार, तीन रविवार मजसंगें चला. एकदा जरी कंटाळलांत, तर कोडाई."

*

पहिल्या रविवारी सगळं ऑफिसच सोबत निघालं. कल्लणै धरणाच्या वाटेवर बस बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेटमध्ये डोकं घातलं, मॅनेजर घड्याळ बघू लागले. शेजारी कालवा भरून वाहत होता.

"उतरा, उतरा! स्पॉट आला!" रावसार ओरडले.

पाच मिनिटांत सगळं ऑफिस कालव्यात! मॅनेजर काठालाच गळ्यापर्यंत पाण्यात बसले. बस दुरुस्त झाली, चार वेळा हॉर्न वाजला, तरी उठेनात. म्हणाले, "ड्रायव्हरला विचारा, आणखी काही बिघडलं नाही ना? नीट बघ म्हणावं!"

*

दुसऱ्या रविवारी ओरत्तनाडु. मराठा राजांच्या काळचं छत्रम, म्हणजे वाटसरूंची जुनी धर्मशाळा बघायची होती. दाराला कुलूप! राखणदार जवळच्याच लग्नाला गेलेला.

रावसार किल्ली मागायला गेले, मागोमाग आम्ही. नवरीचा बाप ऐकेचना. "दारातून उपाशी जाता?" म्हणून सगळ्यांना पंगतीला बसवलं. मॅनेजरांचा सफारी सूट बघून लग्नघरचे त्यांना वरपक्षाकडचं कुणी बडं माणूस समजले. गंध लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, जोडप्याला आशीर्वादही द्यायला लावला!

"सार, किल्ली मिळाली," रावसार कानात म्हणाले.

"छत्रम कुठं पळून जातंय? पायसम येतंय अजून!"

*

मधल्या आठवड्यात व्हिडिओ कोचचा एजंट चकचकीत ब्रोशर घेऊन आला. रावसारांनी त्याला आपल्या डब्यातला चिंचभात वाढला आणि दोन्ही रविवारांची हकीकत ऐकवली. जाताना एजंट विचारतो, "सार, पुढच्या रविवारी एक सीट मिळेल?"

*

तिसऱ्या रविवारी गावातलंच मोठं देऊळ. तिथल्या भिंतीवरचा मराठी शिलालेख ही रावसारांची हुकमी जागा. भोसले राजांचा इतिहास ते दर वर्षी बोट फिरवत धडाधडा वाचत.

वाचत कसले! देवनागरीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. आमच्यात बहुतेकांना येत नाही. मराठी घरात बोलायची, शाळा तमिळ. आजोबांकडून ऐकलेलं ते पाठ म्हणत.

मॅनेजर चष्मा लावून भिंतीजवळ गेले. "थांबा. मी पाच वर्षं भोपाळला होतो, मराठी कळत नाही पण ही अक्षरं मला येतात. तुमचं बोट आहे तिथं हे लिहिलेलंच नाही!"

रावसारांनी बोट भिंतीवरून काढलं. "सार, मज वाचायला येत नाहीं," ते म्हणाले. "ऐकलें कीं सगळें समजतें." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मॅनेजरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग स्वतःचं बोट भिंतीवर ठेवून एकेक अक्षर लावत एक ओळ मोठ्यानं वाचली.

"आता सांगा, म्हणजे काय?"

रावसारांनी तमिळमध्ये अर्थ सांगितला. मग दुसरी ओळ, तिसरी, दहावी! वाचणाऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि सांगणाऱ्याला अक्षर लागत नव्हतं, पण शिलालेख चालला होता झपाझप! गर्दी जमली. पुण्याहून आलेलं एक कुटुंबही थांबलं. त्यातले गृहस्थ स्वतः वाचू शकत होते, पण जुन्या शब्दांवर अडायला लागले. "काका, हे काय हो?"

"हें? अमच्या घरीं रोज म्हणतांत!" रावसारांचा आवाज आता देवळाच्या आवारात घुमत होता.

फरशी तापली, अनवाणी पाय पोळले, पण एक माणूस हलला नाही.

शेवटी पुणेकरांनी हात जोडले आणि दोघांनाही कळावं म्हणून इंग्रजीत विचारलं, "आपण दोघं कोण?"

रावसार बोलणार, इतक्यात आम्हा सगळ्यांच्या रजेवर सही करणारे मॅनेजर पुढं झाले.

"हे आमचे टूर लीडर. मी यांचा असिस्टंट!"