एका आमसुलाचं उट्टं

दुधात कोकम घातलं की दूध फाटतं, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी वरंध घाटाच्या वरची, भोरची. आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच, आणि कोकम म्हणजे महाडच्या सासरी येऊन पहिल्यांदा पाहिलेली लालचुटूक सरबताची बाटली. तेव्हाची सुमन आठवली की मला आजही तिचा कान पिळावासा वाटतो. मासिकांतली पाककृतींची पानं कापून बाईसाहेबांनी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली, लग्नाच्या शालूपेक्षा जपून! पहिल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंब्याची डाळ करायची, तर हिचं नाक वर. पन्हं काय, सगळ्याच करतात. मी गुलाबी दूध करणार. गुलाबाचा अर्क बाजारात मिळाला नाही. मग कपाटातली ती बाटली दिसली. रंग तर तोच! थंड, वेलची घातलेलं दूध पेल्यांत ओतलं, आणि रंग कसा उतरतो ते बायकांनी बघावं म्हणून भर ओसरीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, प्रत्येक पेल्यात वरून कोकम सोडत गेले. रंग उतरला. पाठोपाठ दूधही उतरलं… गोळे वर, पाणी खाली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक हात वर आला, त्यातला पेला उन्हाकडे धरलेला, आणि आवाज आला, "सुमन गो, ह्ये प्यायचं हाय, का फडक्यात बांधून टांगायचं?"

त्या आवाजाची मालकीण, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पोलादपूरच्या इंदूवन्सं, गेल्या महिन्यात गेल्या. माणूस गेलं की चार चांगले शब्द लिहावेत अशी रीत आहे. मला ते जमेल असं वाटत नाही. मी अजून चिडलेली आहे.

कारण त्या दिवशी, ओसरी खदखदून हसत असताना, मी मनाशी शपथ घेतली होती. याच बाईच्या तोंडून एक दिवस, चारचौघांत, "छान झालंय" असं वदवून घेईन. बास, एवढंच. दुसरा कुठला सूड मला नको होता. पुढल्या चैत्रात मी आदल्या साली साठवलेल्या रसातून जांभळाचं सरबत केलं, कडीच्या डब्यात भरलं आणि एसटीने पोलादपूरला घेऊन गेले. डब्यावर माझं नाव घातलेलं, लग्नातला आहेर तो. वन्संनी पेला संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "उन्हाची आलीस, जेवून जा." संपलं! सरबताबद्दल अवाक्षर नाही. निघताना डबा हातात दिला. आता आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ, चिमूटभर साखर, काहीतरी घालतातच. मी एसटीत बसल्यावर झाकण उघडलं. आत, तळाशी, एक आमसूल. कोकमाचं एक वाळलेलं साल, बाकी काही नाही. मला कळायला वेळ लागला नाही. घाटावरची असले तरी एवढी मठ्ठ नव्हते.

त्यानंतर दर चैत्रात तेच. मी इरेला पेटले. करवंदं झाली, बेलफळ झालं, आवळा-आलं झालं. शेजारच्या नसीमभाभींचे यजमान आखातात होते. त्यांच्या घरी ईदला होणारं बदामाचं सरबत, सब्जा घातलेला फालुदा, सगळं त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून शिकले. भाभी म्हणायच्या, "नणंदेसाठी एवढं करतेस, नशीबवान आहे ती." मी म्हणायचे, "भाभी, तिला जिंकायचंय मला." पुढे नातीच्या मोबाइलवर बघून पुदिना आणि सोडा घालून कैरीचं काहीतरी परदेशी केलं; वन्संना ठसका लागला, मला बरं वाटलं. एका वर्षी तर मी पातळीच सोडली. मसाला ताकात हिरव्या मिरच्या वाटून घातल्या, अशा की सात पिढ्यांना आठवण राहावी. वन्सं माझ्यासमोर अख्खा पेला प्यायल्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, कान लाल झालेत, पण चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा. डब्यात त्या वर्षी आमसुलाशेजारी मिरचीचं देठ निघालं.

मी ती आमसुलं टाकली मात्र नाहीत. चिनीमातीच्या बरणीत, मीठ घालून, एकेक करून साठवत गेले. पुरावा म्हणून! बरणी माळ्यावर होती म्हणून महाडच्या मोठ्या पुरातून वाचली. सावित्री नदीचं पाणी स्वयंपाकघरात माळ्याला टेकायला आलं होतं, फ्रिज आडवा होऊन दारात अडकला होता, आणि पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. तेव्हा सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल? वन्सं. सोबत शेगडी, पिठाचा डबा आणि दोन फावडी. पदर खोचून त्या वयात चिखल ओढत होत्या, आणि तोंडाने माझ्या मांडणीची, माझ्या भांड्यांची, माझ्या माहेरची टिंगल चाललेली. माळ्यावरून सामान उतरवताना ती बरणी त्यांच्या हाती लागली. "ह्यात काय गो?" मी म्हटलं, "लोणचं." त्यांनी झाकण किंचित उचललं, वास घेतला, पुन्हा बसवलं. "जप," म्हणाल्या, आणि परत चिखलाकडे वळल्या. मला वाटलं, चला, सुटले.

या वर्षी त्या खाटेला खिळल्या. त्यांची सून सुजाता फोनवर म्हणाली, "मामी, आईंना काय्येक गोड लागत नाय. घोटभर पाणी पण नको म्हणतात." मी फोन ठेवला आणि माळ्यावरची बरणी उतरवली. इतक्या वर्षांची आमसुलं, काही कोळशासारखी काळी झालेली. सगळी भिजत घातली. एकही मागे ठेवलं नाही. गूळ, भाजलेलं जिरं, कणभर मीठ… हे सगळं काळजीने केलं असं म्हणायला माझी हरकत नाही, पण खरं सांगायचं तर आनंदाने. या बाईने मला आयुष्यभर जे दिलं ते मी तिला एका पेल्यात परत पाजणार होते.

पोलादपूरला गेले तर खाट ओसरीवर आणलेली, कारण अंगणात या सालची आमसुलं, पुन्हापुन्हा रसात बुडवून, वाळत घातली होती आणि वन्संना लक्ष ठेवायचं होतं. "सुजाता, रसाचं अजून एक पूट दे गो," एवढं बोलायलाही त्यांना धाप लागत होती. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. एक घोट. दुसरा. सुजाता बघतच राहिली. पेला संपला, आणि वन्संनी हाताने खूण केली. आणखी. अर्धा पेला आणखी! त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं, वन्सं, ओळखलीत का? तुमचीच आहेत. पण मी थांबले. माझं फाटलेलं दूध भरल्या ओसरीत उन्हाला धरलं होतं ना? मग हेही भरल्या ओसरीतच सांगायचं. जरा उठून बसू लागल्या की सगळ्यांना जमवू, मग. डबा तिथेच ठेवून मी मजेत घरी आले. मूर्ख बाई! सत्तरी ओलांडली तरी ती ट्रंकवाली सुमन काही आतून जात नाही.

पाचसहा दिवसांनी सकाळी सुजाताचा फोन आला. "मामी… आई गेल्या." मी रडले नाही. माझ्या तोंडून निघालं, "असं कसं? अजून माझं सांगायचं राहिलंय!" पलीकडे सुजाताला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

तेराव्याला पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि मी निघताना सुजाता आतून माझा डबा घेऊन आली. मी तो हातात घेतला तर जड. आता तो माझ्या ओट्यावर, खिडकीपाशी आहे. येताजाता मी कडी धरून उचलून बघते आणि परत ठेवते. पुढल्या चैत्रात याचं काय करायचं, आणि नेऊन पाजायचं कुणाला, ते अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी दारातच मी झाकण उघडलं होतं. काठोकाठ, दाबून भरलेली, या सालची ताजी, अजून ओलसर लाल आमसुलं. मी सुजाताकडे बघितलं. ती डोळे पुसत होती आणि हसूही दाबत होती. म्हणाली, "मामी, तुम्ही गेलात तवाच आईंनी भरून घेतलान माझ्याकडून. म्हणाल्या, माझीच आमसुलं मला पाजलीन गो तिनं, आता तिची बरणी रिकामी झाली असंल. हा डबा तिला दे. आणि सांग, दुधात घालू नको म्हणावं."