बॉयलरला दिलेला चंदेरी रंग

नागपूरचा उन्हाळा सोसलेली माणसं मला विचारतात, तुमच्या छावणीत बॉयलर कशाला लागायचा? लागायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी लष्करी इस्पितळाच्या बॉयलर रूमवर हवालदार होतो. कोळशावर पाणी उकळून वाफ करायची. ती ऑपरेशन थिएटरची अवजारं निर्जंतुक करायला, वॉर्डातल्या गरम पाण्याला आणि धोबीखान्याला जायची. पूर्वेकडून जखमी जवान रेल्वेने येत होते. सलग दोन-दोन शिफ्ट करून आम्ही उभ्या उभ्या झोपायला शिकलो होतो.

माझ्या हाताखाली नाईक देवराव होता, काटोलकडचा. बोलायचा कमी, जेवायचा दोघांचं. दमलो असं त्यानं कधी म्हटलं नाही, म्हणून मलाही म्हणता यायचं नाही.

त्यातच जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो आणि जे हलत नाही त्याला रंग. मी स्टेशनवर कोळसा उतरवून घेत होतो, तेवढ्यात आमच्या सुभेदार साहेबांनी बॉयलर चंदेरी रंगवून घेतला. वाळत घातलेल्या चादरी जनरल साहेबांना दिसू नयेत म्हणून धोबीखान्यालाही कुलूप लावलं. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

दुपारी परत आलो तर देवराव प्रेशर गेजसमोर उभा.

"काटा चढूनच राहिला, साहेब."

"हवेचा डॅम्पर?"

"बंद केला. तरी चढते."

"पाणी?"

"काचेच्या नळीत बरोबर आहे."

गेजवर टिचकी मारली. काटा तांबड्या रेघेच्या पलीकडेच. सगळ्यात जास्त वाफ धोबीखाना खायचा. तो बंद, म्हणून वाफ साठत होती. पण अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हनं आपणहून उघडून जादा वाफ सोडायला हवी. वर पाहिलं. व्हॉल्व्हही चंदेरी. रंग तापून त्याच्या सांध्यांत दगडासारखा बसला होता.

भिंतीपलीकडे वॉर्ड होता. पाय प्लास्टरमध्ये टांगलेले जवान. त्यांना एवढ्यात हलवणं शक्य नव्हतं. थिएटरला फोन लावला.

"सर, आग ओढून काढावी लागेल. स्टीम बंद होईल."

"निगेटिव्ह. टेबल पर पेशंट है. आधा घंटा स्टीम चाहिए."

आम्ही अर्धी आग बाहेर ओढली. काटा थांबला नाही.

"देवराव, व्हॉल्व्हच्या लिव्हरला दोरी बांध आणि लांबून ओढ. वर चढून ठोकाठोकी करायची नाही. मी धोबीखाना उघडून तिकडे वाफ सोडतो."

"हो जी."

कुलूप दांडगं होतं. पहारीनं तोडलं आणि आत पाऊल टाकतो तोच बॉयलर रूममधून वाफ सुटल्याचा आवाज आला. धावत परत आलो. काटा उतरत होता. दोरी तुटून पडली होती. देवराव शिडीच्या पायथ्याशी पडला होता, छिन्नी अजून हातात.

"काहून चढला गा?" मी विचारलं.

"दोरी तुटली. ते भिंतीपलीकडं झोपून होते ना."

टेबलावरचा पेशंट वाचला. वॉर्डात कुणाला ओरखडाही आला नाही. देवराव भाजून त्याच इस्पितळात तिसऱ्या दिवशी गेला. इन्स्पेक्शन ठरल्याप्रमाणे झालं.

तो आघाडीवर नव्हता, म्हणून शहिदांच्या पाटीवर त्याचं नाव नाही. मी त्याला त्यांच्यातच धरतो.

त्याला घेऊन गावी मीच गेलो. त्याच्या आईला सगळं जसं घडलं तसं सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "त्या यंत्राले रंग काहून देल्ला होता गा?"

"साहेब येणार होते, मावशी," मी म्हणालो.