लवूकाकांचा दर्या

तारकर्लीचे लवूकाका रोज पहाटे किनाऱ्यावर जाऊन दर्या निरखत आणि मग श्रोत्यांच्याच मदतीवर चालणाऱ्या गावच्या रेडिओवर वाऱ्याचा अंदाज सांगत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. आता आपलं तिथे काय काम, म्हणून ते घरीच बसून राहिले. त्यांच्या जागी रेडिओ केंद्रातली गौरजा मोबाईलमधलं हवामान वाचू लागली.

तिसऱ्याच दिवशी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या एका मच्छीमाराचा फोन आला. "मोबाईल आमच्याकडे पण आसा गो! लवूकाकान दर्या बघल्यान काय, ता सांग."

रेकॉर्ड झालेला तो फोन गौरजाने काकांना घरी जाऊन ऐकवला.

दुसऱ्या सकाळी ते ओल्या पायांनी केंद्रात आले आणि कागदावर एकच ओळ लिहिली. गौरजाने माईक सुरू केला.

"लवूकाका सांगतत, आज होडी काढू नकात."