कागद चावत नाय

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सलूनच्या खुर्चीत होतो. एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर साबण होता. ताई म्हणाली, "अरे, हे उठत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाली, "गेले वाटतं…" मी "येतो" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि सलूनवाल्याला सांगितलं की उरलेली दाढी करून टाक. त्यानं विचारलं, कुणाचा फोन? म्हटलं, बहिणीचा. त्यानं दुसरा गाल केला, तुरटी फिरवली, मी पैसे दिले आणि रिक्षा पकडली. आज त्याला काही आठवडे उलटले. भेटणारे हळूच विचारतात, खूप लागलं असेल ना? काय सांगायचं? दाताचा डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं चाललं आहे. सुईचा अंमल उतरला की दुखेल म्हणतात. अजून उतरलेला नाही.

मधुकर म्हात्रे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकुंतलाताईचे यजमान. मूळचे कोन गावचे. आम्ही पनवेल शहरातले, त्यामुळे लग्नात आमच्या आत्यानं "मुलगा नाय-हाय बोलतो" म्हणून नाक मुरडलं होतं. दाजी तिला म्हणाले, "आत्याबाय, हाय म्हनायचं तवा हाय म्हनलं नि नाय म्हनायचं तवा नाय, तरी संसार होतो." आत्या पुढे जन्मभर त्यांच्याच बाजूनं भांडली. दाजी कोर्टात बेलिफ होते. म्हणजे समन्स, नोटिसा, ताब्याचे हुकूम घरोघरी नेऊन देणारा माणूस. कुणाच्याही दारात हा माणूस दिसला की घरातल्यांचं तोंड उतरायचं. दाजी सांगायचे, दारात चपला असतात, आतून टीव्हीचा आवाज येत असतो, नि आतली बाय ओरडते, "ते घरात नाहीत, गावाला गेलेत!" आपल्याकडे एक समजूतच आहे, कागद हातात घेतला नाही तर केस लागत नाही. घ्यायचा नाही, सही करायची नाही, दार लावून बसायचं. कुणी घेतलाच नाही तर तो कागद शेवटी दाराला चिकटवावा लागायचा. त्यासाठी लागणारी खळ ताई घरी करून द्यायची, मैद्याची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. सकाळी डब्यात भाजी-भाकरी आणि वेगळ्या डबीत खळ. एकदा घाईत अदलाबदल झाली होती म्हणे, पण दोघंही ती गोष्ट आपापल्या परीनं सांगायचे, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही.

कळंबोलीकडच्या एका खोलीचा ताबा घ्यायला ते एकदा गेले होते. नवरा-बायको दोघंही बांधकामावर जाणारी. बाई भांडी बाहेर काढताना सारखी म्हणत होती, "मला कुनीच सांगितलं नाय, मला कुनीच सांगितलं नाय." दाजी तिला म्हणाले, अगं, मी सोता येऊन दाराला कागद लावला. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. कागद तिथेच होता. शेजारपाजाऱ्यांनी वाचू नये म्हणून तिनं त्याच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. तारखेला कुणी गेलंच नव्हतं, निकाल एकतर्फी झाला होता आणि आता घर रिकामं करण्यावाचून कुणाच्याच हातात काही नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन दाजी जेवले नाहीत. ताई सांगते, नुसते ओट्यावर बसून राहिले आणि तिला म्हणाले, "चार वाक्यं बोलली असती तर मुदत तरी मिलाली असती गं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या ओट्यावर रविवारची तालीम सुरू केली. तालीमच म्हणायचे तिला. आम्ही चेष्टा करायचो, दाजी, आता वकिली थाटताय काय? ते म्हणायचे, "कायदा वकिलाला इचारा. गरिबाला कोर्टात फुकट वकील मिलतो, तिथं अर्ज करा. मी फकस्त दार उघडायला शिकवतो." पट्ट्यांची एक घडीची खुर्ची होती त्यांची, निळी-पांढरी. ती उघडायची, काळ्या कोटाऐवजी खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि साहेब व्हायचं. समोर उभं राहून माणसानं आपलं नाव सांगायचं, काय झालं ते सांगायचं, काय हवं ते सांगायचं. दाजी साहेब म्हणून अतिशय वाईट होते. मध्येच तोडायचे, जांभई द्यायचे, कान खाजवायचे. माणूस पुटपुटला की ठरलेलं वाक्य, "आयकू येत नाय. मोठ्यानं." रडला तर, "हितं रडून घे. तिथं टाईम नसतो." आणि प्रत्येकाला शेवटी एकच मंत्र, "कागद घ्या. कागद चावत नाय. सही करा, सहीखाली तारीख घाला, टाईम घाला, नि तारखेला जा."

कर्जाच्या वसुलीला येणाऱ्यांचं सोंगही तेच काढायचे. टॉवेल डोक्याला बांधून ओट्याच्या पायरीवर पाय ठेवून असलं काही बोलायचे की ताई आतून भांडं आपटायची. समोरच्यानं न घाबरता म्हणायचं, ओळखपत्र दाखवा, काय ते लेखी द्या, घरात येऊ नका. ही तीन वाक्यं धड निघेपर्यंत दाजी सोडायचे नाहीत. मग टॉवेल उतरवून त्याच माणसाला चहा पाजायचे.

जुन्या पनवेलातल्या फातिमाबींची गोष्ट मी स्वतः पाहिलेली. त्या एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. खोली खाली करावी म्हणून मालकानं त्यांची वीज तोडली होती, आणि बाई बिचाऱ्या दोन महिने मेणबत्तीवर काढून गप्प. दाजींनी सांगितलं, मालकाला असं भाडेकरूचं वीज-पाणी तोडता येत नाही, कोर्टाकडून परत जोडून मागता येतं. वकील मिळेल, पण तोंड तुम्हालाच उघडावं लागेल. पहिल्या रविवारी फातिमाबी नाव सांगतानाच रडल्या. दुसऱ्या रविवारी मालक कसा भला आहे तेच सांगत बसल्या. दाजी इतके ओरडले की समोरचा पानवाला उठून आला. मग एक दिवस त्या मिठाई घेऊन आल्या. वीज आली होती. म्हणाल्या, "वहाँ कोर्टातला खिडकीवाला कारकून चिडला माझ्यावर, चुकीच्या रांगेत उभी राहिले म्हणून. मला तर हसूच आलं. म्हात्रेभाई, तुमच्यापुढे तो काहीच नाय!" दाजींना एवढा आनंद झालेला मी क्वचित पाहिला. त्यांनी पुढच्या रविवारपासून आवाज आणखी चढवला.

या सगळ्यात तालमीला कधीच उभी राहिली नाही ती ताई. दाजी म्हणायचे, "शकू, एकदा तू पन उभी रा की." ती म्हणायची, "मी गॅसपुढे उभी आहे तेवढं पुरे. माझ्या दारात कोण येतंय नोटीस घेऊन?" तिचंही खरं होतं. दोघंही लग्नापासून त्याच भाड्याच्या घरात. जुना मालक देवमाणूस, गणपतीत मोदक इकडून तिकडे जायचे. मालक मागेच वारला आणि मुलांच्या मनात ती जागा बिल्डरला द्यायचं आलं, एवढं आमच्या कानावर होतं. दाजी होते तोवर त्या विषयानं उंबरा ओलांडला नाही.

माझी आणि त्यांची शेवटची भेट म्हणजे ते खुर्चीच्या पट्ट्या बदलत बसले होते. मी म्हटलं, नवी घ्या की. म्हणाले, "साहेबाची खुर्ची थोडी करकरायला पायजे, त्याशिवाय मानूस घाबरत नाय." मी हसलो आणि निघालो. शेवटची भेट आहे असं काही वाटलं वगैरे नाही. गेले त्या दिवशी रविवार होता. मी रिक्षातून उतरलो तर ओट्यावर चार-पाच जण रांगेनं बसलेले, कुणी रोडपालीहून आलेलं, कुणी वीटभट्टीवरून. आत काय झालंय ते कळूनही उठले नव्हते. खुर्ची घडी घालून भिंतीला टेकवलेली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "मंग आता कुनासमोर बोलायचा?"  मी तिरडीच्या सामानाला माणूस पाठवला.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. ताई रडली नाही, मीही नाही. बहीण-भाऊ समोरासमोर बसून चहा प्यायचो आणि कप विसळायचो. अशात एका दुपारी संतोषचा फोन आला. संतोष हा दाजींच्या हाताखाली तयार झालेला बेलिफ, आता त्याचेही केस पिकायला लागलेत. म्हणाला, "मामा, लगेच या. मालकाच्या मुलांनी घराचा दावा लावलाय. मी समन्स घेऊन आलोय आणि काकू दार उघडत नाहीत." मी म्हटलं, समजाव. तो म्हणाला, "समजावून झालं. आता नियमानं चिकटवावं लागेल. म्हात्रेकाकांच्या दाराला मी कसं चिकटवू, तुम्हीच सांगा…"

गेलो. दार बंद, खिडकी लोटलेली. मी हाक मारली, ताई, मी आहे. आतून आवाज आला, "ते घरात नाहीत."

 जन्मभर दाजींनी दारोदारी ऐकलेलं वाक्य, त्यांच्याच घरातून, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "ताई, कागद तुझ्या नावाचा आहे. घेतला नाहीस आणि तारखेला गेली नाहीस तर घर जाईल. तुला माहीत आहे सगळं." ती म्हणाली, "त्यावर ह्यांच्या नावाआधी मयत लिहिलंय. संतोषनं समोर धरला तेव्हा मी खिडकीतून वाचलं. असला कागद मी हातात घेणार नाही." मी म्हटलं, दाजी काय म्हणायचे आठवतं ना? "मला नको सांगूस ते काय म्हणायचे!" ती ओरडली.

आम्ही दोघं ओट्यावर उभे.  शेवटी संतोषनं मान खाली घालून पिशवीतून डिंकाची बाटली काढली आणि झाकण फिरवलं. त्या एवढ्याशा आवाजानं आत हालचाल झाली. "डिंक लावू नकोस रे," ताई म्हणाली. "डिंकानं रंग निघतो दाराचा. ह्यांनी दिवाळीला लावलाय." आणि कडी निघाली. तिनं कागद घेतला. उभ्या उभ्या सगळा वाचला, 'मयत' या शब्दावर बोट ठेवलं, पुढे सरकवलं. संतोषकडून पेन घेऊन सही केली, खाली तारीख घातली. मग त्याला विचारलं, "तुझ्या घड्याळात किती वाजले?" तोही आकडा तिनं लिहिला. संतोष पायऱ्या उतरून कोपऱ्यापर्यंत नीट चालत गेला आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो रडत होता. मला त्याचा हेवा वाटला.

आता ताईला कोर्टाकडून वकीलबाई मिळाल्या आहेत. त्या म्हणतात, भाडेकरू गेला तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकोचा हक्क जात नाही, दावा चांगला लढता येईल. पण तारखेला जायचं आहे, साहेबांनी विचारलं तर सांगायचं आहे, आणि ताई जन्मात कधी चारचौघांत बोललेली नाही. काल रविवार होता. मी गेलो तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. ताईनं घडीची खुर्ची उघडून मधोमध ठेवली होती आणि तिच्या पाठीवर टॉवेल टाकला होता, धुतलेला, इस्त्री केलेला. मला म्हणाली, तू तिथेच दारात थांब, मध्ये बोलू नकोस. पदर खोचून ती खुर्चीसमोर उभी राहिली. "साहेब, माझं नाव शकुंतला मधुकर म्हात्रे. मी मयत मधुकर म्हात्रे यांची पत्नी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ह्याच घरात राहते…" आवाज इतका बारीक की दारातल्या मलाही जेमतेम पोचला. मोठ्यानं म्हण, असं सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. एस.टी. स्टँडवर आयुष्यभर गाड्या पुकारलेला माणूस मी, पण दाराची चौकट धरून तिथेच उभा राहिलो. ताई थांबली. खुर्चीकडे बघत, कुणी काही बोलेल अशी वाट पाहत थोडी उभी राहिली. मग तिनं घसा खाकरला आणि पुन्हा नावापासून सुरुवात केली, मोठ्यानं.