आमच्या विहारात आडनाव विचारत नाहीत

दर रविवारी वंदना झाली की आमच्या विहारात चहा होतो आणि चहाबरोबर किस्से निघतात. विहार म्हणजे धायरीत एका हार्डवेअरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. त्यात बुद्धाची मूर्ती, चार सतरंज्या आणि जिन्यात चपलांचा डोंगर. येणारे बहुतेक भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे. कोणी कंपनीत, कोणी आयटीत, कोणी माझ्यासारखा रिटायर्ड. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आम्ही नोकरीसाठी पुणे घेतलं. आणि पुण्यात खोली शोधायला निघालेल्या आमच्या माणसाकडे किस्से कमी कसे पडतील? खोली मिळत नाही, किस्सा हमखास मिळतो!

आमच्याकडे एक नियम आहे. विहारात कोणाला आडनाव विचारायचं नाही. बाहेर दिवसभर तेच विचारतात, निदान इथे तरी माणसाला श्वास घेऊ द्या, असं शांताताईंनी ठरवून टाकलं. शांताताई म्हणजे आमच्या विहाराच्या सर्वेसर्वा. भंडाऱ्याहून येऊन पुण्यात आयुष्य गेलं, पण बोली तसूभर बदलली नाही.

* * *

या नियमाने एकदा आमची चांगलीच फजिती केली.

गावाकडून कोणी पहिल्यांदा पुण्यात येणार असेल, तर आमच्यातलं एक माणूस स्टेशनवर घ्यायला जातं. पहिलं जेवण शांताताईंकडे. मग खोली मिळेपर्यंत कोणाच्या तरी हॉलमध्ये गादी. ही पद्धत फार जुनी.

तर निरोप आला, गोंदियाहून राहुल येतोय, घ्यायला जा. मी गेलो. बॅग घेऊन बावरलेला एक मुलगा दिसला. "राहुल का रे?" "हो काका." झालं! स्कूटरवर बसवला, शांताताईंकडे आणला. त्याने झुणका-भाकरी दोनदा मागून घेतली आणि तिथेच आडवा झाला.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. "काका, मी राहुल बोलतोय. स्टेशनवर उभा आहे, कोणीच आलं नाही."

झोपलेल्याला उठवलं. तो इंटरव्ह्यूला आलेला दुसराच राहुल! कंपनीनेच गाडी पाठवली असेल असं त्याला वाटलेलं. म्हणे, स्कूटर बघून जरा शंका आली होती.

मी चिडलो. म्हटलं, "ताई, आडनाव विचारलं असतं तर हा घोळ झाला नसता!"

शांताताई दुसऱ्या राहुलसाठी पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "अन् मंग याले काय उपाशी धाडलं असतं?"

* * *

आता सुजाताचं सांगतो. मुलगी आमच्या भंडाऱ्याची, इथे एका हॉस्पिटलात नर्स. वडील गेले, आई गावी एकटी, तिला धड दिसत नाही. सुजाता राहते हॉस्टेलवर, आणि हॉस्टेलवर आई चालत नाही. दोन खोल्या मिळाल्या की आईला आणायचं, एवढंच त्या पोरीचं मागणं. गॅसवर दूध ठेवून आई विसरून गेली आणि शेजारच्यांनी धावत येऊन गॅस बंद केला, असा फोन आल्यापासून तर तिची झोपच उडालेली.

वारज्यात एका काकांकडे मी तिच्याबरोबर गेलो. काका सुसंस्कृत. बसा म्हणाले, पाणी दिलं.

"आपण कुठले?"

"भंडाऱ्याचे."

"अरे वा! भंडाऱ्यात कुठले?"

गाव सांगितलं. काका तिथे आयुष्यात गेले नसणार, पण मान अशी डोलावली की जणू दर उन्हाळ्यात तिथे आंबे खायला जातात.

"गावात घर कुठल्या बाजूला?"

आता मला सांगा, भाड्याने खोली पुण्यात द्यायची आहे ना? मग आमचं गावातलं घर कुठल्या बाजूला आहे, याच्याशी यांना काय करायचंय? माझं डोकं सणकलं. म्हटलं, "काका, आडनाव विचारायचंय ना? सरळ विचारा. उगाच भंडाऱ्याचा नकाशा कशाला काढताय!"

काका म्हणाले, "छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही."

मग सुजाताने आडनाव सांगितलं. काका म्हणाले, "खोली कालच गेली हो."

* * *

दुसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त व्हेजिटेरियन."

सुजाता खूश! ती अंडंसुद्धा खात नाही.

"तुम्ही नाही खात, पण घरचे?"

"घरी फक्त आई. तीही नाही खात."

"पाहुणेरावळे?"

"कोणी येत नाही हो काकू."

बाईंची पंचाईत झाली. शेवटी म्हणाल्या, "मग आमच्याकडे पाण्याचा जरा प्रॉब्लेम आहे."

नळ मागे धो धो वाहत होता!

* * *

धायरीच्या जुन्या गावठाणात एक म्हातारबाबा भेटले. माणूस मोकळा. "आमचं काय बी नाय. माणूस चांगला हाय ना, बास झालं. पर शेजाऱ्याला चालायचं नाय ओ. उगा कटकट."

शेजारी! पुण्यातल्या प्रत्येक घरमालकाचं स्वतःचं मन सोन्यासारखं असतं, नडतो तो फक्त शेजारी. या शेजाऱ्याला एकदा बघायचंच म्हणून मी तसाच उठलो आणि बाजूचं दार वाजवलं. बनियनवर एक तरुण बाहेर आला. मी विचारलं, बाजूला आमची मुलगी राहायला आली तर तुमची काही हरकत?

तो गोंधळलाच. म्हणाला, "अंकल, हमसे क्यों पूछ रहे हो? हम तो खुद इनके किरायेदार हैं!"

म्हातारबाबा तोवर आत जाऊन झोपले होते.

त्या दिवशी रिक्षात सुजाता रडली. म्हणाली, "काका, सलाईन लावताना कोणी पेशंट माझं आडनाव विचारत नाही."

* * *

या सगळ्या चिडचिडीत आम्हाला आधार होता तो साहेबांचा. साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला माणूस. दर रविवारी गाडीतून येणार, पुढच्या रांगेत बसणार. हॉलमधले पंखे त्यांनी दिलेले, माईक त्यांनी दिलेला, त्यामुळे माईकवर जास्त वेळ तेच! सगळे त्यांना साहेब म्हणायचे. आडनाव अर्थात कोणीच विचारलं नव्हतं.

वंदनेनंतर लहान मुलांना उभं करून जयभीम म्हणायला लावणं हे साहेबांचं आवडतं काम. पोरं बिचारी लाजत पुटपुटायची. साहेब कानाला हात लावायचे. "ऐकू नाही आलं! घशातून नको, पोटातून आलं पाहिजे! लाज कसली वाटते? पुन्हा!" पोरं ओरडायची, खालच्या दुकानदाराच्या हातातला स्क्रू पडायचा, आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. खरंच यायचा, खोटं कशाला सांगू.

सुजाताची हकीकत ऐकून साहेब माईकवरून कडाडले होते, "हा अपमान तिचा एकटीचा नाही! समाजासाठी माझं दार सदैव उघडं आहे!" टाळ्यांमध्ये सगळ्यात जोरात वाजवणारा मी होतो.

* * *

आणि मग गेल्या आठवड्यात वारज्याच्या एजंटाचा फोन आला. दोन खोल्या, तळमजला, समोर रिक्षास्टँड. आईसाठी याहून चांगली जागा मिळणार नाही. सुजाताने जागा पाहिली, हरखली. खिडकीपाशी आईची खाट कुठे येईल तेसुद्धा बघून ठेवलं.

मग एजंट मान खाजवायला लागला. "मॅडम, माझी काही हरकत नाही. पण ओनरनी क्लिअर सांगितलंय, तुमच्यातले नकोत. फार स्ट्रिक्ट आहेत. सोसायटीत त्यांचं नाव आहे ना!"

ओनर कोण विचारलं, तर त्याने आडनाव सांगितलं. कुठल्याही जातीत खपून जाईल असं आडनाव. आमच्या ओळखीतलं नव्हतं.

"राहतात कुठे?"

"इथेच. दुसऱ्या मजल्यावर."

मी म्हटलं, जाऊ द्या, अजून एक अपमान कशाला. पण शांताताई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला. "कायले जाऊ द्या? शिकला-सवरला माणूस असंन. तोंडावर नाही म्हणू दे ना!"

जिना चढलो. सुजाताने बेल वाजवली. समोरच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं, तिथले गृहस्थ दुधाची पिशवी उचलायला वाकले होते. बेल ऐकून ते तसेच थांबले.

दार उघडलं. दारात आमचे साहेब!

सुजाताचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पोरीला वाटलं, आता सगळं झालं. आईची खाट खिडकीपाशी लागली. हात जोडून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "जयभीम, साहेब!"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग समोरच्या दाराकडे पाहिलं. ओठ किंचित हलले, आवाज काही आला नाही.

समोरचे गृहस्थ म्हणाले, "ओळखीचे का हो तुमच्या?"

"नाही, नाही," साहेब म्हणाले, "फ्लॅटसाठी आलेत."

सुजाताचे जोडलेले हात तसेच राहिले. शांताताई तिला बाजूला सारून पुढे झाल्या, अगदी उंबऱ्यापर्यंत. त्यांनी कानाला हात लावला.

"आयकू नाही आलं, साहेब. पोटातून! पुन्हा!"