‘धुतलं कशात?’

सत्तरच्या दशकात सोलापुरातील तीन गॅरेजांनी माझी गाडी दारात घेण्याचे बंद केले होते. कारण सांगणे भाग आहे: तिघांनाही मी रजिस्टर पोस्टाने नोटिसा पाठवल्या होत्या. एकाने बदलला म्हणून सांगितलेला प्लग बदललेला नव्हता, दुसऱ्याने माझा जॅक स्वतःचा म्हणून वापरायला काढला होता. तिसऱ्याचा अपराध आता आठवत नाही, त्याला पाठवलेली नोटीस मात्र शब्दशः आठवते. या तिन्ही नोटिसांबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. चौथे पत्र मात्र मी लिहायला नको होते.

मी न्यायालयात कारकून. गाडी घेण्याची माझी ऐपत नव्हती; ती सासऱ्यांची. मोहोळला त्यांचा दवाखाना होता, आणि नजर अधू झाल्यावर त्यांनी ती जुनी गाडी लेकीकडे धाडली. गॅरेजवाल्यांशी संबंध तुटल्यावर मी ठरवले की हिची दुरुस्ती आपणच करायची. कायद्याची कलमे वाचून समजतात, तर गाडीचे पुस्तक का समजू नये? अंगणातल्या कडुनिंबाखाली गोणपाट अंथरून मी दर रविवारी कामाला बसू लागलो. प्लग साफ करणे जमले, पट्टा बदलणे जमले. उन्हाळ्यात ब्रेकचे तेल चाकापाशी झिरपू लागले, तेव्हा चाकांतील सिलिंडरांचे रबर बदलण्याचे मी मनावर घेतले.

मंगळवार पेठेत सुट्या भागांचे एक दुकान होते. मालक साठी ओलांडलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे, घरात कानडी आणि गल्ल्यावर मराठी बोलणारे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मुंबईच्या एका कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे होती आणि दुकान त्या मालावरच चाले. त्यांच्याकडून मी रबरांचा जोड आणला. सुपारीएवढे, वाटीच्या आकाराचे ते काळे तुकडे. ब्रेक दाबला की तेलाचा दाब पेलायचा आणि सोडला की मागे सरायचे, एवढेच त्यांचे काम.

स्वच्छतेच्या बाबतीत मी कमालीचा कडक. सिलिंडर, स्प्रिंगा, नटबोल्ट सारे मी तसराळेभर रॉकेलमध्ये धुतले, आणि नव्या रबरांनाही पाकिटातली पावडर लागलेली दिसली म्हणून तीही त्याच तसराळ्यात भिजत घातली.

“रेशनचं रॉकेल आहे ते,” पत्नी ओट्यापासून म्हणाली. “माझा स्टोव्ह उपाशी आणि तुमच्या गाडीला अभ्यंगस्नान!”

“ब्रेकचा प्रश्न आहे. जिवाशी गाठ असते.”

“मग जिवापुरतं घ्या. डबाभर कशाला?”

तरीही ब्रेकमधली हवा काढताना पेडल दाबायला तीच बसली. मी चाकाखालून “दाब” म्हणायचो, ती दाबायची, आणि “सोड” म्हणण्याआधीच सोडायची. दोघांचा आवाज चढला तेव्हा शेजारच्या पद्मशाली विणकराच्या घरातला माग थांबला, आमचे भांडण नीट ऐकू यावे म्हणून.

आठवड्याने आम्ही मोहोळला निघालो. अर्ध्या वाटेवर गाडी जड झाली. पाय ब्रेकवर नसतानाही कुणी मागे ओढून धरल्यासारखी. मग जळका वास आला. उतरून पाहिले तर पुढच्या चाकातून धूर निघत होता. पत्नी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, पदर नाकाला लावून. चाक निवेपर्यंत तासभर थांबून आम्ही परत फिरलो.

सिलिंडर उघडले तेव्हा रबरे फुगून आत घट्ट बसलेली होती. मी ती कागदात गुंडाळून दुकानात आपटली.

“हा माल विकता तुम्ही? माझी बायको गाडीत होती!”

अप्पांनी एक रबर बोटांत धरून दाबले. “साहेब, धुतलं कशात हे?”

“प्रश्न मी विचारायचे आहेत, तुम्ही उत्तरे द्यायची आहेत.”

“तसं न्हाई, नुसतं इचारतो की. कशात धुतलं?”

“माल बदलून द्या. पुढचे मी पाहतो.”

त्यांनी दुसरा जोड काढून दिला, वर दोन रबरे जादा घातली. या वेळी कसूर राहू नये म्हणून मी जोडातली रबरे आदल्या दिवसापासून भिजत ठेवली, म्हणजे अधिक काळजी घेतली. तीही फुगली. दोनदा तोच दोष: याहून भक्कम पुरावा कोणता? मी कंपनीला चार पानी पत्र लिहिले. ‘सदर विक्रेता निकृष्ट व प्राणघातक माल जाणूनबुजून विकत असून’ हे वाक्य मी तीन वेळा घासूनपुसून लिहिले होते. प्रत जिल्हाधिकाऱ्यांस. मुद्देमाल, म्हणजे ती फुगलेली रबरे, गहाळ होऊ नये म्हणून माझ्याच कपाटात ठेवला.

कंपनीचे उत्तर आले. प्रतिनिधी येत्या गुरुवारी चौकशीस येईल, तोवर विक्रेत्याचा पुरवठा थांबवला आहे. तक्रार खरी ठरल्यास एजन्सी काढून घेण्यात येईल. ते पत्र मी दोनदा वाचले आणि, लपवण्यात अर्थ नाही, मला समाधान वाटले.

त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी सकाळच्या चहालाच आमचा स्टोव्ह अडला. पंपाचा दांडा जागचा हलेना.

“वायसर मीच बसवला होता,” पत्नी म्हणाली. “कातडी मिळेना, म्हणून जुन्या चपलेचं रबर गोल कापून घातलं. चार दिवस चालला की.”

मी दांडा पक्कडीने ओढून काढला. टोकाचे रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखे टम्म झाले होते.

“स्टोव्हवाला म्हणालाच होता,” ती पुढे म्हणाली, “रॉकेलमध्ये रबर टिकत नाही बाई, कातडंच पाहिजे. मला वाटलं, त्याची विकायची घाई.”

कपाटातला मुद्देमाल आणि स्टोव्हचा हा तुकडा, दोन्ही एकाच मापाने फुगले होते. तरीही संशयाचा फायदा मी स्वतःला देऊन पाहिला. अप्पांनी जादा दिलेली दोन रबरे कपाटात तशीच उरली होती. एका वाटीत रॉकेल, दुसऱ्या वाटीत ब्रेकचे तेल, आणि प्रत्येकीत एक रबर. सकाळी आठ वाजता मी पंचनामा लिहायला घेतला.

“पंच म्हणून सही करते,” ती म्हणाली, “पण आरोपी कोण, ते आधी लिहा.”

मी ती जागा कोरी ठेवली. दिवेलागणीच्या सुमारास तेलातले रबर सिलिंडरात अलगद सरकले. रॉकेलमधले तोंडाशीच अडले. कोऱ्या जागेत मी माझे नाव लिहिले. ती सही करताना हसली नाही, आणि तिचा हा उपकार मी विसरलेलो नाही.

बुधवारी मी तक्रार मागे घेणारे पत्र घेऊन दुकानात गेलो. फळ्यांवरचे निम्मे खण रिकामे होते. अप्पांनी कागद उलटसुलट केला.

“चष्मा घरी ऱ्हायला. वाचून दावा की.”

दुकानात चार गिऱ्हाइके होती. एक करकंबचा ट्रॅक्टरवाला तर काम झाले तरी हलेना. मी उभ्याने वाचले. ‘आपण विचारलेल्या रास्त प्रश्नास मी उद्दामपणे उत्तर नाकारले’ या ओळीपाशी मी अडखळलो. पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“लई चांगलं लिवलंय,” अप्पा म्हणाले. “निम्मं कळलं न्हाई. म्हंजे माजं रबर चांगलं होतं?”

“होय.”

“मग एवढंच लिवायचं की!”

ट्रॅक्टरवाला मोठ्याने हसला. अप्पा हसले नाहीत. “चाळीस वर्सं बसलोय हितं,” ते म्हणाले, “खोटा माल इकला, असं कुणी बोललं नव्हतं.” मी पत्राची घडी करून गल्ल्यावर ठेवली.

गुरुवारी प्रतिनिधी दुकानात आला तेव्हा मी मुद्देमालासह हजर होतो. माझा जबाब तो संपूर्ण ऐकत बसला नाही. त्याने फुगलेले रबर उचलून नाकाशी धरले आणि म्हणाला, “रॉकेल. हे तुम्ही पत्रासोबत पाठवलं असतं, तर मला सोलापूरला यावंच लागलं नसतं.” मुद्देमाल इतक्या जपून कपाटात ठेवल्याचा मला अभिमान होता! त्याने माझा कबुलीजबाब घेतला. पंधरवड्यात अप्पांच्या मालाचे खोके रेल्वेने आले. एजन्सी त्यांच्याकडेच राहिली.

राग माझ्या स्वभावातून गेला नाही. गाडीच्या पुस्तकात बत्तीस आकृत्या होत्या, पण रबर रॉकेलमध्ये धुऊ नये हे एक वाक्य नव्हते, पाकिटावरही नव्हते. त्याबद्दल मी कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. फक्त पेटीत टाकण्यापूर्वी ते मंगळवार पेठेत नेऊन वाचून दाखवले.

“धमकी काडा,” अप्पा म्हणाले. “बाकी झकास.”

धमकी मी काढली. पाकिटावर काही छापून आले नाही, पण अप्पांनी रबर नेणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मी मागच्या चाकांसाठी जोड घ्यायला गेलो, तेव्हा पुडी हातात देण्याआधी त्यांनी ती धरून ठेवली.

“धुणार कशात, साहेब?”

“ब्रेकच्या तेलात,” मी म्हणालो.

मग त्यांनी पुडी सोडली.