आबांच्या ढिगातला मका

“अवो, पळा! आबांचा मका हिरवा झाला!”

माझ्या बायकोनं राहुरीच्या या टोकाला हाक मारली, की मुळा धरणावरचे बगळे उडतात. मी चहा तसाच टाकून नर्सरीच्या जाळीखाली धावलो.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे उरला होता त्यांनी रचलेला खताचा ढीग. त्याची काय कीर्ती सांगू! एकदा त्यात टिकाव विसरला, तर दांड्याला पालवी फुटली. खोटं वाटलं तर टिकावाला विचारा. थंडीत ढीग वाफा सोडायचा आणि आबा त्याला पाठ लावून बसायचे. ते गेले त्या हिवाळ्यात ढिगानं एकदाही वाफ सोडली नाही. त्यांच्या पाठीचा खळगा मात्र तसाच. मी तिकडून जाणं टाळायचो.

“त्यातलं नत्र संपलंय. उसात फेकू, जागा तरी मोकळी हुईल,” बायको म्हणाली.

मी परीक्षा लावली. कुंड्यांच्या दोन रांगा, एकीत आबांचं खत, दुसरीत पोत्यातलं विकतचं. दोन्हीत मका, वरून नुसतं पाणी. नत्र संपलं की मक्याची खालची पानं पिवळी पडतात, तिथं वशिला चालत नाही. आबांचा मका हरला तर ढीग ट्रॉलीत. हे आईच्या देखतच ठरलं. ती शेळ्यांना पाला टाकत होती.

आबांचा मका आधी पिवळा पडला. हळदीनं लाजावं इतका. मी जड मनानं ट्रॉली सांगितली.

आणि आता त्याच मक्याला काळीशार हिरवी पानं! विकतची रांग फिकी. आम्ही पाणी घालायच्या आधीच माती ओली. वर वास आबांच्या सदऱ्याचा, तोच शेळ्यांचा उग्र वास. अंगावर असा काटा आला, की बाभळीनं उसना मागावा.

“आबा येऊन गेलं,” बायको कुजबुजली. लग्नापासून ती पहिल्यांदाच कुजबुजत होती.

मी ट्रॉली नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेलो, तर आई त्या रांगेवर वाकलेली. हातात डबा, डब्यात शेळ्यांचं मूत आणि पाणी.

“आई! अगं, परीक्षा चालली होती ना!”

“उपाशी ठेवलंवतं तुमी त्यास्नी.”

“मग त्या दुसऱ्या रांगेला का नाही घातलंस?”

“ती इकतची हाय.”